कुकरमधलं पाणी

"बटाटे सारख्या आकाराचे घ्यायचे," अण्णा म्हणाले. "एक मोठा, एक लहान असं चालत नाही. लहान फुटतो, मोठा आत कच्चा राहतो. आणि चिरायचे नाहीत. सालासकट, आख्खे."

हे ते मला सांगत होते की आईंना, कळत नव्हतं. आई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. पहिल्या बाकावरच्या मुलीनं ऐकावं तशा त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून ज्या बाईनं या घरात बटाटे उकडले, तिला बटाटे कसे उकडायचे हे तिचा नवरा सांगत होता.

"आधी जाळी. मग पाणी. पाणी घातलं," अण्णा मोठ्यानं म्हणाले. भांड्यात वाकून बघितलं. मग बोट बुडवून बघितलं. "घातलं. आता बटाटे. आता झाकण फिरवायचं, ही शिट्टीची कळ अशी बंद करायची, आणि हे बटण. झालं. ह्याच्याकडं आता बघायचंसुद्धा नाही. आपलं आपण बंद होतं."

तो विजेवरचा कुकर अण्णांनी श्रावणानंतर आणला होता. काळा, गोल पोटाचा, समोर आकडे लुकलुकणारी छोटी पाटी. ओट्यावर त्याला जागा नव्हती असं नाही. ओटा रिकामाच होता. गॅसची शेगडी कोपऱ्यात सरकवून तिच्यावर वर्तमानपत्र झाकलं होतं आणि सिलिंडरचा रेग्युलेटर काढून अण्णांनी आपल्या कपाटात ठेवला होता. पोळी-भाजीचा डबा बाहेरून यायचा. भात आणि बटाटे तेवढे घरी होत, त्या कुकरमध्ये, आणि ते अण्णा करत.

मी दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला आले होते ती सासू-सासऱ्यांचं घर आवरायला. पुण्याला आमच्या फ्लॅटमधली मागची खोली त्यांच्यासाठी रिकामी केली होती. रविवारी हेमंत, माझा नवरा, टेम्पो घेऊन यायचा होता. विश्रामबागेतलं हे बैठं घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. त्या दोघांनाच इथं ठेवणं आता धोक्याचं आहे, असं आम्हा सगळ्यांचं मत झालं होतं.

त्याला कारण श्रावणातली आग.

संकष्टी होती. आईंनी उपासाच्या भाजीसाठी बटाटे कुकरमध्ये घातले आणि त्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या. कुकरमध्ये पाणीच नव्हतं. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, शेगडीजवळचं फडकं पेटलं, त्यावरून खिडकीचा पडदा. आई धावत खाली आल्या आणि त्यांनी पेटता पडदा हातानं ओढून मोरीत टाकला. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. शेजारच्या आवटीकाकूंनी आरडाओरडा केला, माणसं जमली. भिंत काळी झाली, कपाटाचं दार जळालं, एवढ्यावर निभावलं. पण सिलिंडर तिथंच होता. काय झालं असतं याचा विचार करून हेमंत दोन रात्री झोपला नव्हता.

आम्हाला फोन अण्णांनीच केला होता. "कुकर जळाला," एवढंच म्हणाले होते. "पाणी नव्हतं त्यात."

पुढचं आम्ही आमचं जोडलं. आणि जोडायला आधीचंही होतं आमच्याकडं. उन्हाळ्यात एकदा आईंनी एकाच दिवशी दोनदा फोन करून मला एकच गोष्ट विचारली होती. मी तेव्हा हसत हेमंतला सांगितलं होतं, "आईंचं हल्ली असं होतंय हं." आग लागल्यावर हेच वाक्य मी पुन्हा म्हटलं, तेव्हा हसले नव्हते.

आईंना डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. आई घाबरून गेल्या. ज्यांना सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर तोंडपाठ, कुणाच्या मुलीचं लग्न कुठल्या साली झालं हे ज्यांना विचारायचं, त्या बाई शहाऐंशीवर अडकून माझ्याकडं बघायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, फार काही दिसत नाही. "पण गॅसपाशी एकट्यांना सोडायचं नाही ना?" असं हेमंतनं विचारलं. "नका सोडू," ते म्हणाले.

तेव्हापासून आई त्या खुर्चीवर.

*

मी आले त्या दिवसापासून एक गोष्ट मला खुपत होती. आई कशातच मीठ घालत नव्हत्या. डब्यातली आमटी आळणी आली होती, म्हणून मी म्हटलं, "आई, जरा मीठ घाला ना." त्यांनी चमचा हातात घेतला, बरणीत घातला, आणि थांबल्या.

"मी आत्ता घातलं का गं?"

"नाही, अजून नाही घातलं."

"नक्की? तू बघत होतीस?"

"हो, आई."

तरी त्यांनी चमचा माझ्या हातात दिला. "तूच घाल. दोनदा पडायचं."

आवराआवरी करतानाही तेच. मी ट्रंका उघडून विचारायची, "हे न्यायचं का?" त्या म्हणायच्या, "तू म्हणशील तसं." भजनी मंडळात जाणं त्यांनी सोडलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "मधेच शब्द आठवला नाही तर? सगळ्याजणी थांबतील. नको." भिशीची जबाबदारी आवटीकाकूंकडं दिली होती. मोबाईल उशाशी पडून असायचा, वाजला तर त्या अण्णांकडं बघायच्या.

आणि अण्णा मात्र त्यांच्यासाठी राब राब राबत होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस. उभ्या जन्मात चहासुद्धा करून घेतला नव्हता, आता सकाळी आईंना गरम पाणी द्यायचे, हाताच्या भाजल्या जागेवर मलम लावायचे, दुपारी बटाटे उकडायचे. रोज बटाटे. एखाद्या दिवशी भाजी, एखाद्या दिवशी नुसतेच मीठ-तिखट लावून. मी एकदा म्हटलं, "अण्णा, दुसरं काहीतरी करू या का आज?" तर म्हणाले, "तिला बटाटे आवडतात." ते माझ्या नजरेला नजर देऊन बोलत नव्हते. म्हटलं, पुण्याला जायचं दुःख असेल.

शनिवारी सकाळी आवटीकाकू निरोपाला आल्या. हातात करंज्यांचा डबा. स्वयंपाकघरातच बसल्या. अण्णा बटाटे धूत होते.

"बघ गं वृषाली," काकू मला म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांकडं बघ. आमच्या ह्यांना सांगते मी, मोकाशींचे पाय धुऊन पाणी प्या म्हणून. बायकोच्या हातून एवढं झालं, घर पेटायची वेळ आली, पण एका शब्दानं बोलले नाहीत. वर या वयात स्वयंपाक शिकले. नवरा असावा तर असा."

आई खाली मान घालून हसल्या. "हो ना. माझंच मेलं ध्यान राहिलं नाही."

अण्णांच्या हातातला बटाटा निसटून मोरीत पडला. त्यांनी तो उचलला, पुन्हा धुतला. पुन्हा धुतला.

"मंदाताई, तुम्ही नशीबवान हो," काकू म्हणाल्या.

"आहेच मी," आई म्हणाल्या.

काकू निघाल्या तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. परत आले तेव्हा अण्णांनी बटाटे कुकरमध्ये ठेवून झाकण फिरवलं होतं. बटण दाबलेलं होतं. ते खिडकीकडं तोंड करून उभे होते. आई खुर्चीवर तशाच. मी खाली बसून पितळेची भांडी कागदात गुंडाळायला लागले.

थोड्या वेळानं कुकर ओरडायला लागला. नेहमी वाफ धरताना बारीक सूं आवाज यायचा, तसा नाही. टीं टीं टीं, थांबून पुन्हा टीं टीं टीं. पाटीवर इंग्रजी अक्षरं लुकलुकत होती. करपल्याचा वास आला, साल भाजल्यासारखा.

मी उठले. पण त्याआधी आई उठल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाणी!" त्या म्हणाल्या. "पाणी मी घालायचं होतं का? मला सांगितलं होतंत ना तुम्ही? अहो, माझ्या लक्षातच राहिलं नाही हो. मी विसरले. पुन्हा विसरले बघा." त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं. "वृषाली, हेमंतला नको सांगूस. एवढं नको सांगूस त्याला."

"आई, तुम्ही तर जागच्या हललासुद्धा नव्हता," मी म्हटलं. "तुम्ही कशाला—"

अण्णांनी भिंतीतली पिन ओढून काढली. कुकर गप्प झाला. पिन हातात तशीच धरून ते म्हणाले, "मंदा."

सुनेसमोर त्यांनी आईंना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"मंदा, पाणी तू घालायचं नव्हतंस. मी घालायचं होतं. मी विसरलो."

"असू दे," आई घाईनं म्हणाल्या, "तुम्ही कशाला अंगावर—"

"ऐक माझं. आज मीच विसरलो. आणि त्या दिवशीही मीच."

आईंना कळलं नाही. मलाही पटकन कळलं नाही.

"त्या दिवशी तू कुकरमध्ये नुसते बटाटे घालून ठेवलेस आणि गच्चीवर गेलीस. झाकण मी लावलं. गॅस मी पेटवला. उपास होता, भूक लागली होती, म्हटलं तू येईपर्यंत होतील. आत पाणी आहे का नाही, बघितलंच नाही. मग फाटकाशी कुलकर्णी दिसले, त्यांच्याशी बोलत उभा राहिलो. धूर दिसला तेव्हा आत आलो, तोवर तू पडदा ओढत होतीस."

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. आई हळूच खुर्चीवर बसल्या.

"मी गॅस पेटवला नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी तेव्हा म्हणाले होते. सगळी माणसं जमली होती, आवटीकाकू मला म्हणाल्या, पाणीच घातलं नाहीत का हो, तेव्हा मी म्हणाले होते. मी पेटवलाच नाही गॅस, म्हणून."

"बहुतेक पेटवला नाही, असं म्हणालीस," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले.

"तुमच्याकडं बघितलं मी. घरात दोघंच होतो आपण. तुम्ही गप्प उभे. म्हणून 'बहुतेक' म्हणाले."

अण्णा ओट्याला टेकले. "सांगणार होतो. माणसं गेल्यावर सांगणार होतो. मग तुला दवाखान्यात नेलं. मग हेमंत आला, केवढा भडकला होता. म्हटलं, उद्या सांगू. मग तूच म्हणायला लागलीस, माझंच चुकलं. मी खोटं एक अक्षर बोललो नाही गं. पाणी नव्हतं, एवढंच म्हटलं मी सगळ्यांना."

"हो," आई म्हणाल्या. "तेवढंच म्हणालात."

मला वाटलं, आता त्या रडतील. किंवा ओरडतील. माझी आई असती तर भांडं फेकून मारलं असतं. पण मंदाआई भिंतीकडं बघत बसल्या आणि मग बाजारातून आणलेली पिशवी रिकामी करावी तसं एकेक काढायला लागल्या.

"गणपतीत चाव्या हरवल्या, सगळं घर शोधलंत, मला बोललात. त्या तांदळाच्या डब्यात सापडल्या."

"हो."

"पण मी चाव्या डब्यातच ठेवते. लग्न झाल्यापासून तिथंच ठेवते. ते विसरणं नव्हतं ना?"

"नव्हतं."

"नीलिमाच्या मुलाचा वाढदिवस राहिला."

"तो मलाही आठवला नव्हता."

"शकूकडं गेलो तेव्हा मी तिच्या नवऱ्याला दोनदा नमस्कार केला. तुम्ही सगळे एकमेकांकडं बघून हसलात. मी बघितलं होतं."

अण्णांनी हातातली पिन ओट्यावर ठेवली.

"आणि शंभरातून सात," आई म्हणाल्या. "ते मला शाळेतही येत नव्हतं. मास्तर रोज मारायचे." हे म्हणताना त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. "रोज सकाळी उठले की आधी वार आठवून बघते मी. मग तारीख. मग दोन्ही मुलांची, नातवंडांची नावं. मनातल्या मनात. सगळं आठवलं तरच अंथरुणातून उठते. तुम्ही गरम पाणी घेऊन येता ना, तेव्हा मी ते करत असते."

अण्णा खाली बसले. फरशीवर, माझ्या गुंडाळलेल्या भांड्यांमध्ये. डोळे पुसावेत असंही त्यांना सुचत नव्हतं.

"रडू नका," आई म्हणाल्या. आवाजात माया नव्हती. "फोन लावा. हेमंतला लावा आधी. आणि मला ऐकू येईल असा ठेवा."

*

अण्णांनी फोन लावला आणि स्पीकर चालू करून मधे फरशीवर ठेवला. हेमंत टेम्पोवाल्याशी बोलत होता, मागे गाड्यांचे आवाज येत होते. अण्णांनी जे आईंना सांगितलं तेच त्याला सांगितलं. गच्ची, झाकण, गॅस, कुलकर्णी. सांगताना दोनदा अडखळले.

मग हेमंत म्हणाला, "अण्णा, कळतंय मला."

"काय कळतंय?"

"आईनं पुण्याला यायला नको म्हटलं असेल. रडली असेल. म्हणून तुम्ही हे अंगावर घेताय. तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? पण अण्णा, असं लपवून तिचं भलं होणार नाही."

"अरे, मी लपवत नाहीये. लपवलं होतं, ते सांगतोय."

"बरं, बरं. मी उद्या येतोच आहे. मग बोलू."

फोन बंद झाला. आई म्हणाल्या, "नीलिमाला."

नीलिमाताई, माझी नणंद, बडोद्याला असते. तिनं सगळं ऐकलं आणि तिला रडूच फुटलं. "अण्णा, किती करता हो तुम्ही आईसाठी! स्वतःला दोष कशाला देता?" अण्णा "नाही गं, ऐक तरी" म्हणत राहिले, पण ती ऐकायला तयार नव्हती. आईची काळजी घ्या, बदाम द्या तिला, म्हणाली.

मग इचलकरंजीला शकूमावशी. आईंची धाकटी बहीण. तिनं सरळच विचारलं, "मंदाक्का शेजारी बसलीय का तुमच्या? मग नंतर बोला."

प्रत्येक फोनला अण्णांचा आवाज बारीक होत गेला. आवटीकाकूंना त्यांनी कुंपणावरून हाक मारली. मी दारातून बघत होते. काकूंनी गालावर हात ठेवून सगळं ऐकलं आणि आमच्याकडं वळून म्हणाल्या, "बघितलंस वृषाली? मी म्हटलं नव्हतं? बायकोची चूक पदरात घेणारा पुरुष मी पहिल्यांदा बघितला."

अण्णा आत आले ते भिंतीला धरून. आजारी माणसासारखे दिसत होते. त्यांना बोलायचं होतं, पण आईंनी हात वर करून थांबवलं. त्या माझ्याकडं बघत होत्या.

"तुला तरी पटलं का?"

"पटलं, आई."

"का? त्यांना पटलं नाही, मग तुला कसं पटलं?"

"तुम्ही आज काहीच केलं नव्हतं आणि तरी माझंच चुकलं म्हणालात," मी म्हटलं. "मी बघत होते."

आईंनी मान हलवली. "आणि त्या वेळी? आग लागली तेव्हा तुला काय वाटलं होतं?"

खोटं बोलायची ती जागा नव्हती. "मला वाटलं, तुम्हीच विसरलात. मीच हेमंतला पहिल्यांदा म्हणाले."

"हं," आई म्हणाल्या. एवढंच. त्या 'हं'नंतर कितीतरी वर्षं मी त्यांच्याशी अगदी मोकळं बोलू शकले नाही.

मग त्या उठल्या. "रेग्युलेटर द्या माझा."

अण्णांनी कपाट उघडून तो आणला. आईंनी शेगडीवरचं वर्तमानपत्र काढलं, घडी घालून बाजूला ठेवलं. सिलिंडरला रेग्युलेटर बसवताना भाजलेल्या हाताला जोर येत नव्हता. दोनदा घसरला. अण्णा पुढं झाले तर म्हणाल्या, "लांब राहा."

काडी ओढली. निळी ज्योत लागली तशा त्या एक पाऊल मागं सरल्या, आणि मग पुन्हा पुढं आल्या.

करपलेले बटाटे त्यांनी टाकले नाहीत. विजेच्या कुकरचं झाकण उघडून ते बाहेर काढले, खालची काळी साल सुरीनं काढली, कच्चे राहिले होते ते चिरून कढईत घातले. "यंत्र चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "गप्प बसलं नाही." मिरच्या, जिरं, दाण्याचं कूट. मग मीठ. बरणीत हात घातला, चिमूट घेतली, कढईवर सोडली आणि बरणीचं झाकण लावलं. मला काही विचारलं नाही.

जेवायला तिघंही बसलो. भाजी खारट झाली होती, बरीच. अण्णा मान खाली घालून सगळी खाऊन गेले. मीही.

"खारट झालीय," आई म्हणाल्या. "जरा जास्त पडलं. पण एकदाच घातलं मी."

रविवारी हेमंत टेम्पो घेऊन आला आणि रिकामा परत गेला. आई जागच्या हलल्या नाहीत. "तुम्हाला कुणाला पटो न पटो, मला पटलंय," म्हणाल्या. हेमंतला पटायला पुढं वर्ष लागलं, आणि तेही आईंना एकदा बँकेचे सगळे आकडे घडाघडा सांगताना ऐकलं म्हणून. भजनी मंडळ पुन्हा सुरू झालं. भिशी परत आली. अण्णांशी मात्र त्या कामापुरतंच बोलत. संक्रांतीला मी फोन केला, तेव्हा पहिल्यांदा मागून त्यांचा आवाज ऐकला, "अहो, चहा गार होतोय." अण्णांनी वाक्य अर्धवटच सोडून फोन ठेवला.

*

नंतरची काही वर्षं बरी गेली. मग खरोखरच सुरुवात झाली.

आई माझ्या मुलीला शकू म्हणून हाक मारायला लागल्या. भाजी आणायला गेल्या आणि ओळखीच्याच गल्लीत रस्ता विसरून उभ्या राहिल्या. एकदा पुरणाचा घाट घालून बसल्या आणि पुरण कशाला शिजवलं ते आठवेना. आम्ही सगळे ते बघत होतो. बघून एकमेकांकडं बघत होतो, मग लगेच नजर दुसरीकडं वळवत होतो. हेमंत बोलला नाही. नीलिमाताई बोलली नाही. मला तर बोलायचा हक्कच नव्हता. आणि अण्णा! आईंनी एखादी गोष्ट पाचदा विचारली तर पाचही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायचे. हरवलेली वस्तू सापडली की म्हणायचे, "मीच ठेवली होती तिथं." डॉक्टरांकडं न्यायला हवं हे त्यांना कळत होतं, आम्हालाही कळत होतं. पण "आईंचं हल्ली असं होतंय" हे वाक्य त्या घरात पुन्हा कोण उच्चारणार?

असं करत बराच काळ गेला. किती, ते मी आता मोजत नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, थोडं आधी आणलं असतंत तर बरं झालं असतं.

त्या मे महिन्यात मी सांगलीला होते. दुपारची वेळ. आई आणि अण्णा मागच्या पडवीत बसले होते आणि मी आत पापड गोळा करत होते. मला दोघंही दिसत होते.

"अहो," आई म्हणाल्या, "एक विचारू?"

"विचार ना."

"हल्ली मला खूप विसरायला होतंय ना?"

"छे गं," अण्णा लगेच म्हणाले. "कुणी सांगितलं? मी नाही का विसरत? वय झालं आपलं."

आई त्यांच्याकडं वळल्या. शब्द शोधावे लागत होते, ते एकेक करून सापडले.

"मागं काही नव्हतं, तेव्हा तुम्ही गप्प बसलात," त्या म्हणाल्या. "आता आहे. मला कळतंय ते. सकाळी वार आठवत नाही. काल हेमंतचं नाव आठवायला वेळ लागला. आतून भीती वाटते हो. आणि तुम्ही सगळे माझ्याशी गोड गोड बोलता. आता तरी कुणीतरी खरं बोला माझ्याशी."

मी हातातला पापड तसाच धरून उभी राहिले.

अण्णांनी चष्मा काढला. पंच्यानं पुसला. पुन्हा घातला. त्यांना बोलायला किती जड जात होतं ते मला आतून दिसत होतं. आईंनी घाई केली नाही.

"हो, मंदा," ते म्हणाले. "होतंय तुला."

"खूप?"

"बरंच."

आईंनी डोळे मिटून घेतले. मग मान हलवली आणि खुर्चीत मागं टेकल्या.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या.